निबंधातली विहीर

"हे तीन पुस्तकांचे तीन सारांश झाले. तुलना कुठंय?" मॅडमनी माझा निबंध टेबलावर पालथा ठेवला.

मी एम.ए.च्या दुसऱ्या वर्षाला होते. दुष्काळावरची एक कादंबरी, एक आत्मकथन आणि एक कथासंग्रह यांची तुलना करायची होती. मी कादंबरी संपवून आत्मकथनाला हात घातला होता आणि ते संपवून कथांना.

"मुद्दा धरून लिही. प्रत्येक मुद्द्यात तिन्ही पुस्तकं बोलली पाहिजेत. परवा अकराला दे. नंतर घेणार नाही."

वडवणीच्या एसटीत बसून घरी आले. अण्णा, म्हणजे माझे वडील, गावच्या सहकारी दूध संस्थेत फॅट तपासायचे. त्या साली जनावरं चारा छावणीत गेलती, दूध कसंबसं दोन कॅन. सकाळी नऊ वाजता संस्थेची खोली रिकामी व्हायची. दुसऱ्या दिवशी मी तिथंच कात्री घेऊन बसले.

"अगं, लिव्हलेलं कावून कापायलीस?" अण्णा म्हणाले.

"मुद्दे येगळे करायलेय."

पाण्याबद्दलचे तिन्ही तुकडे फरशीवर शेजारी ठेवले. कादंबरीत विहीर आटते आणि सगळं गाव एक होतं. कथांतल्या ऊसतोड बाया फडापासून लांबवर पाणी हुडकत फिरतात. आत्मकथनात मात्र विहीर भरलेली आहे, तरी लेखकाची आई काठापासून दूर उभी, कुणी वरून ओतेल म्हणून. मी कादंबरीचं ते प्रकरण पुन्हा वाचलं. त्या 'सगळ्या गावात' आमच्यासारख्या दलित वस्तीतलं एकही माणूस नव्हतं.

हे लिहायला हवं होतं. पण तेच प्रकरण शिकवताना मॅडमचे डोळे भरून यायचे. घरचं गाऱ्हाणं निबंधात आणलं, असं त्या म्हणाल्या तर?

अण्णांना विचारलं. कॅन विसळता विसळता त्यांनी उलट मलाच विचारलं,

"वस्ती पुस्तकात न्हाई, हे खरं हाय का?"

"हाय."

"मग लिव्ह की. दुधात पाणी हाय म्हणलं की लोक लई चिडत्यात. म्हणून म्या खोटा आकडा सांगतो का?"

दिवसभर लिहीत राहिले. पाणी, गाव सोडणं, परतणं असे तीन भाग केले. पाण्याचा भाग तीनदा लिहिला.

दुसऱ्या दिवशी अकराला मॅडमनी माझ्यासमोरच वाचायला घेतलं. पेन वस्तीच्या ओळीवर थांबलं.

"हे पुस्तकातलं की घरचं?"

"दोन्हीकडचं. पण पुरावा पुस्तकातलाच दिलाय. पान नंबर खाली आहे."

त्यांनी कपाटातून स्वतःची प्रत काढली आणि अख्खं प्रकरण वाचलं. मी उभीच.

"मी हे इतकी वर्षं शिकवतेय," एवढं बोलून त्या थांबल्या. मग आवाज कडक झाला. "पण कादंबरीवरही अन्याय नको. तिनं जे नेमकं टिपलंय, ते याच परिच्छेदात आण. बाहेर बसून लिही."

जिन्याच्या पायरीवर बसून मी तो परिच्छेद बदलला. त्यांनी निबंध ठेवून घेतला. मार्क बरे पडले, फार नाहीत.

पुढच्या आठवड्यात तेच प्रकरण वर्गात निघालं. मॅडम मला म्हणाल्या, "आधी आत्मकथनातलं विहिरीचं पान वाच."

मागच्या बाकावर कुणीतरी हसलं. दोघं उठून बाहेर गेले. आई काठापासून दूर उभी राहते, तिथं माझा आवाज अडला. मॅडम पुरे म्हणाल्या नाहीत. मी पान शेवटपर्यंत वाचलं.