फर्मा कुणाला दाखवू नका

"फर्मा कुणाला दाखवू नका, ताई." दारात चप्पल काढायच्या आधी सर हे म्हणत, आणि म्हणता म्हणता मागे वळून गल्ली बघून घेत. गल्लीत बहुतेक वेळा शेजारणीची कोंबडी असे.

ते आमच्या भागातल्या एका लहान कॉलेजात खेळाचे मास्तर होते. मी अंबरनाथला शिवमंदिराच्या बाजूला राहायची. उल्हासनगरच्या शेटकडून जीन्सचे खिसे आणून घरी शिवायची. परक्या पुरुषाशी मी बोलत नसे. ते काम सासूबाईंचं.

"हा मास्तर सारखा मागे का बघतो गं?" पहिल्याच दिवशी त्या म्हणाल्या. "पोलीस लागलेत की काय?"

मलाही तसंच वाटलं होतं. कारण त्यांनी पिशवीतून काढलं ते चिलखत होतं. फुगलेले खांदे, छातीला पट्टे. उल्हासनगरच्या कॅम्पातल्या बाजारात परदेशी जुन्या कपड्यांच्या गठ्ठ्यात मिळालं म्हणाले. तसंच सगळ्या टीमला हवं होतं, अमेरिकन फुटबॉलसाठी. सर पूर्वी बोटीवर नोकरीला होते आणि तिकडच्या एका बंदरात त्यांनी हा खेळ पाहिला होता, असं ते सांगत. आता बंदरात कोण विचारायला जाणार?

लांबट, सोललेल्या नारळासारखा चेंडू काखेत धरून पळायचं, आणि समोरच्यांनी अंगावर येऊन आडवं पाडायचं, असा तो खेळ.

"म्हणजे कबड्डीच की," सासूबाई म्हणाल्या. "मग चिलखत कशाला?"

"कबड्डीत सगळं उघड असतं, मावशी. यात डाव आधी ठरवून लपवायचा असतो."

"लपवायचा असतो ते दिसतंच आहे."

मी चिलखतावरून कागदाचा फर्मा, म्हणजे मापाचा नमुना, कापला. त्या मापाने फोम कापून वर जाड जीन्स चढवली. संध्याकाळी सर येत, फर्मा गुंडाळून घरी नेत आणि सकाळी परत आणून देत. "उल्हासनगर शेजारी आहे, ताई. सकाळी आलेला माल संध्याकाळी चार दुकानांत टांगलेला असतो." ते खोटं नव्हतं, माझं पोट त्यावरच चालत होतं. पण खांद्याच्या गाद्या चोरून कुणी काय केलं असतं? त्या खेळाची दुसरी टीमच आमच्याकडे नव्हती.

एकदा हवालदार आला. एक गादी उचलून त्याने बोटाने दाबून पाहिली. "कुणाशी मारामारी आहे?"

"मास्तरांना विचारा," सासूबाई म्हणाल्या. "ते आम्हालाही सांगत नाहीत."

सरांना हे कळलं तेव्हा हवालदाराला कुणी पाठवलं याचा ते बरेच दिवस तपास करत होते.

कॉलेजचं मैदान माझ्या पाण्याच्या वाटेवर होतं. पोरं दोन गट करून आपसातच खेळत. डावांना भाज्यांची नावं होती आणि कुणी ऐकलं असेल म्हणून सर ती दर आठवड्याला बदलत. मग 'दुधी' अशी हाक आली की अर्धी पोरं मागच्या आठवड्याचा दुधी खेळत, अर्धी या आठवड्याचा, आणि मधोमध एकमेकांवर आपटत. कुंपणाशी भेळवाला उभा राही. त्याला सरांनी पाठ करून उभं राहायला सांगितलं. "पाठ करून भेळ कशी विकू, सर?" तो म्हणाला. तेव्हापासून त्याच्यावरही संशय.

अशी काही वर्षं गेली. मग नवे प्रिन्सिपॉल आले. समोर टीमच नाही तर हा खेळ कसला, म्हणाले. थंडीच्या आत दुसऱ्या कॉलेजशी एक सामना दाखवा, नाहीतर टीम बंद, मैदान क्रिकेटला. हे सांगायला सर आले तेव्हा त्यांनी मागे वळून गल्लीही बघितली नाही. सासूबाईंनी त्या दिवशी टोमणा मारला नाही.

आणि नेमका तेव्हाच बदलापूर गावातून एक तरुण मास्तर माझं घर शोधत आला. त्याच्याही कॉलेजात शिरगावकडची पोरं या खेळाला तयार झाली होती. "ताई, तशाच गाद्या शिवून द्या. फर्मा आहे ना तुमच्याकडे?" मी आत पळाले. सासूबाईंनी त्याला नंतर या म्हणून सांगितलं.

"आला की नाही चोर?" संध्याकाळी हे ऐकून सर म्हणाले. "मी काय म्हणत होतो?" त्यांनी फर्मा काखेत मारला.

मी मशीनवर होते. पाय आपोआप थांबला. त्यांच्याकडे न बघता मी म्हणाले, "सर, त्याला नाही दिलं तर आपली पोरं खेळणार कुणाशी?"

सासूबाई माझ्याकडे बघतच राहिल्या. सर फर्मा घेऊन निघून गेले, आणि पुढे कित्येक दिवस आलेच नाहीत. संपलं, असं मी धरून चालले. मग एका सकाळी त्यांनी फर्मा माझ्या मशीनवर आणून ठेवला.

"त्यांच्या शिवा," म्हणाले. दारापर्यंत जाऊन परत आले. "पण आपल्यापेक्षा चांगल्या नकोत."

सामना जवळ आला तेव्हा मी पाण्याला चालले होते. मैदानाच्या भिंतीआड बदलापूरचा मास्तर उकिडवा बसलेला. मांडीवर कागद, फटीला डोळा. मला वाटलं, आता सर बघणार आणि सामनाच मोडणार.

सरांनी त्याला आधीच पाहिलं असावं. त्यांनी पोरांना थांबवलं आणि सगळ्या मैदानाला ऐकू जाईल असं म्हणाले, "दुधी परत दाखवा. सावकाश." पोरांनी दाखवला. "आता पडवळ. तोही सावकाश." भिंतीआडचा माणूस घाईघाईने लिहीत होता. त्याचं लिहून होईपर्यंत सरांनी पुढचा डाव मागितला नाही.

पुढे ती टीम राहिली नाही. बदलापूरचीही नाही. सर रिटायर होऊन कोकणात गेले, आणि जाताना त्यांनी पत्ता कुणालाही दिला नाही. असला माणूस तुमच्या बघण्यात असेल तर तुम्हाला यात नवल वाटणार नाही.

मला मात्र सर दिसतात ते सामन्याच्या संध्याकाळचे. आपली टीम हरली होती. गुडघ्यापर्यंत मातीने भरलेले सर आमच्या उंबऱ्यावर बसले होते.

"सगळं चोरलं हो त्यांनी, मावशी," ते म्हणाले. "एकूण एक डाव."

सासूबाईंनी त्यांना पाणी दिलं. ते एका दमात प्यायले, तांब्या खाली ठेवला, आणि इतके हसले की मीही पदराआड हसले.

"पुढच्या वर्षी बघा," ते म्हणाले, "डाव चोरायला दोघं-तिघं पाठवतील."