बारशाला निघालेली गळकी मोटार

मुलांनो, पुढच्या महिन्यात माझ्या भाच्याची साठी आहे. तुम्हाला इतक्या दुरून येता येणार नाही, म्हणून त्याच्या बारशाची हकीकत आत्ताच लिहून ठेवते.

पन्नासच्या दशकातली गोष्ट. बारसं तळेगावला होतं आणि आत्या म्हणून बाळाच्या कानात नाव सांगायचा मान माझा होता. मला उशीर झाला तर माझी चुलत बहीण सांगणार होती, आणि तिने एका सिनेनटाचं नाव योजलं होतं.

आमची जुनी मोटार चिंचवडच्या पुढे बंद पडली. कार्बोरेटरला येणाऱ्या पेट्रोलच्या नळीचा जोड गळत होता. तुमच्या आजोबांनी नट आवळला, तशी गळती वाढली.

"अगं, साबण आहे का?"

"हात तळेगावला धुवा की!"

"हातांना नको, जोडाला हवाय. साबण पेट्रोलमध्ये विरघळत नाही."

साबण होता, पण बाळाच्या आहेरातला, रंगीत कागदात गुंडाळलेला.

"अहो, तो आहेराचा आहे!"

"मग राहू दे. भाचा सिनेनट होईल."

मी कागद फाडला. त्यांनी साबण मळून जोडाभोवती लिंपला आणि गाडी चालू झाली.

पोचलो तेव्हा चुलत बहीण पाळण्यावर वाकलेलीच होती. तिला बाजूला सारून मी नाव सांगितलं. पेट्रोलच्या वासाने बाळ शिंकलं. रिवाजाप्रमाणे बायकांनी माझ्या पाठीत धपाटे घातले. त्यातला सगळ्यात जोरदार चुलत बहिणीचा.

मोटार केव्हाच भंगारात गेली. उरलेला साबण वहिनीने वापरून संपवला. भाच्याचं नाव मात्र अजून मी सांगितलेलंच आहे.