यंत्रातले रोडगे

भिलाईत आमच्या मागच्या क्वार्टरमध्ये एक मुलगी राहायची. तिचं नाव मी कधी विचारलं नाही. मनगटावर पावलं मोजणारं घड्याळ असायचं. रविवारी अंगणात नवंनवं यंत्र मांडून ती स्वयंपाक करायची आणि मोबाइलशी बोलत बसायची. ताटात वाढायचं ते आधी वजनकाट्यावर ठेवायची.

एका रविवारी ती कुंपणापाशी आली.

"आजी, हे रोडगे खाऊन सच्ची सांगा. एअर फ्रायरमध्ये केले. आई गेल्यापासून बाबा धड जेवून नाही राहिले. रोडगेच मागतात."

मी एक तोडला. "आतून कच्चा आहे. याले गोवऱ्याची आग लागते, बाई."

गोवऱ्या माझ्याकडे होत्या. निखाऱ्यात आम्ही कणकेचे गोळे पुरले. निळा धूर उन्हात तरंगत राहिला. तिचं घड्याळ उठून चाल म्हणून मधूनमधून वाजायचं, पण ती हलली नाही. मला धुरानं गुंगी आली.

रोडगे भाजून झाल्यावर तिचे बाबा आले आणि त्यांनी राख झटकून एक खाल्ला.

"मीठ कमी झालं," ते म्हणाले. "तुझी आई बी असंच करे. दे अजून एक."

तिनं तो वजन न करताच त्यांच्या हातावर ठेवला.