बाबांना मारलेली लाथ

ऐंशीच्या दशकात गल्लोगल्ली कराटेचं खूळ पसरलं होतं. मी सातवीत असताना मुलुंडला आमच्या शाळेच्या हॉलमध्येही संध्याकाळचा क्लास निघाला. मला जायचंच होतं. आई म्हणाली, पोरांच्या घोळक्यात एकटीला पाठवणार नाही. मग बँकेत कारकून असलेल्या बाबांनी स्वतःचंही नाव घातलं.

बाक भिंतीला सरकवायचे, अनवाणी रांगेत उभं राहायचं, मुठींवर जोर काढायचे, जपानी आकडे मोजत हवेत गुद्दे मारायचे आणि शेवटी जोडीजोडीने लाथा. बाबा सगळं मनापासून करायचे. पांढऱ्या ड्रेसमधून त्यांचं पोट पुढे यायचं आणि आकडे ते सगळ्यांच्या आधी ओरडायचे. "काका, जरा दमानं," सर म्हणायचे, नि पोरं खिदळायची. मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. घरी जाताना मी मुद्दाम पुढे पुढे चालायचे.

पिवळ्या बेल्टच्या परीक्षेत सरांनी माझी जोडी नेमकी बाबांशी लावली. माझी लाथ त्यांच्या पोटाला लागली मात्र, हात आपसूक पुढे गेला. कुणाला पाय लागला की हात लावून नमस्कार करायचा, हे अंगातच भिनलेलं. मी वाकले आणि लाथेला उत्तर म्हणून मारायचा ठरलेला बाबांचा गुद्दा माझ्या कपाळावर बसला. हॉलभर हशा पिकला.

"ए, देवळात आलीस काय?" सर म्हणाले. "परत मार. आता नमस्कार केलास तर बेल्ट विसर."

बाबांनी माझं कपाळ चाचपलं. हळूच म्हणाले, "मार गं. जोरात मार."

मारली. इतक्या दिवसांचा सगळा राग त्या लाथेत होता. बाबा मटकन खाली बसले. मी नमस्कार केला नाही. पोरांनी टाळ्या वाजवल्या आणि मला बरं वाटलं, याची आजही लाज वाटते.

मला बेल्ट मिळाला. बाबा नापास झाले.

पुढच्या क्लासला सरांनी बेल्टप्रमाणे समोरासमोर रांगा लावल्या. पांढऱ्या बेल्टवाल्या नवशिक्यांनी पिवळ्यांपुढे आधी वाकायचं. माझ्यासमोर बाबा आले. हात मांड्यांना चिकटवून ते कमरेतून नीट वाकले, शिकवलं होतं तसे. त्यांच्या डोक्यावरचे विरळ झालेले केस मी पहिल्यांदाच वरून पाहिले. मला रडू फुटलं, वाकताच येईना. बाबा तसेच वाकलेले राहिले, कारण समोरचा वाकल्याशिवाय उठायचं नसतं.