खोलगट राणी

सलीमाबीच्या हातून गुंजभर चांदी इकडची तिकडे झाली, असं म्हणायची हिंमत खामगावात कुणी केली नव्हती. नवरा नजीर गेला तेव्हा चांदीवाल्यांच्या गल्लीनं तिला सांगितलं होतं, हातप्रेस विकून टाक, बाईच्यानं तो दांडा ओढवत नाही. तिनं तो अकरा वर्षं ओढला. लग्नात द्यायचे चांदीचे शिक्के तिच्याच घरातून निघत. एका बाजूला लक्ष्मी, दुसऱ्या बाजूला दुकानाचं नाव.

त्या मंगळवारी मात्र पिंपळगाव राजा या गावचा गोकुळ तिच्या ओट्यावर उभा राहून ओरडत होता. आठवड्यापूर्वी त्याची माय मनकर्णाबाई इंग्रजांच्या काळातल्या राणीछाप रुपयांची माळ ठेवून गेली होती. कड्या सैल झाल्या होत्या. सलीमाबीनं त्या डाग देऊन पक्क्या जोडल्या, वर माळ रिठ्याच्या पाण्यात घासूनही दिली. तीच भलाई अंगाशी आली.

“हे पाय! या अंगानंही राणी, त्या अंगानंही राणीच. थेही उलटी, आत गेलेली. साल कुठी आहे याच्यावर? आमचा असली रुपया ठेवला अन् हे खोटं ओवलं!”

“मळ होता तवर तुले दिसली नाही. घासली म्हणून दिसली.”

“पन्नास वर्सं मायच्या गळ्यात आहे माळ. मले शिकवून राह्यली?”

मनकर्णाबाई पायरीवर बसली होती. डोळ्यांत मोतीबिंदू. “मले तं काईच समजून नाही राह्यलं, बाप्पा.”

गोकुळ येताना दुकानादुकानात सांगत आला होता, त्यामुळे शेजारचे चांदीवाले शंकररावही येऊन उभे राहिले. तिला सगळ्यात जास्त काम तेच देत. हळूच म्हणाले, “माझ्याकडून एक राणीछाप घे, देऊन टाक याले. आब राहील.”

“देला की मी चोर झाली, शंकरराव. उद्या तुमीच चांदी देसान का मले?”

शंकरराव एक पाऊल मागे सरले.

“या आत,” ती म्हणाली. “सगळे या. आजी, तुमीही.”

तिनं हातप्रेसच्या खालच्या, लक्ष्मीच्या ठशावर कोरी चकती ठेवली आणि दांडा ओढला. शिक्का पडला. तो तिनं चिमूटभर मेण लावून वरच्या, नावाच्या ठशातच बसवला, लक्ष्मी खाली करून. खाली दुसरी कोरी चकती ठेवली आणि अंगातला सगळा राग घालून दांडा पुन्हा ओढला. निघालेला शिक्का गोकुळच्या तळहातावर आपटला.

एका बाजूला लक्ष्मी. उलटवला, तर दुसऱ्या बाजूलाही लक्ष्मीच. उलटी, खोल गेलेली. दुकानाचं नाव कुठंच नाही.

“लग्नाच्या पयल्या वर्षी दांडा ओढायले शिकताना माझ्या हातून असंच झालं होतं. आधीचा शिक्का वर चिकटून राह्यला, मले दिसला नाही. नजीर लय हसला होता. म्हने, इंग्रजाच्या टांकसाळीतही व्हायचं असं. तुमच्या रुपयाले पाडनारा इंग्रज चुकला, गोकुळ. मी नाही.”

मनकर्णाबाईनं दोन्ही नाणी हातात घेतली. दिसत नव्हतं, म्हणून अंगठा फिरवला. आधी लक्ष्मीच्या खोलातून, मग राणीच्या. “सारखंच हाय रे,” ती म्हणाली.

गोकुळनं खाकरून मोबाईल काढला. “मंग असा रुपया तं महाग असन?”

“थे तू पाय. आधी आल्या वाटेनं परत चाल. जिथं जिथं मले चोर म्हनलं, तिथं तिथं हे दोन्ही दाखव.”

“जाऊ द्या ना, मावशी...”

“सकाळी मावशी नव्हती मी?”

“चाल बे,” मनकर्णाबाई भिंतीला धरून उठली. माळ तिनं गळ्यात घातली, खोलगट राणी वर करून.

सलीमाबीनं पदर डोक्यावर घेतला, दाराला कुलूप लावलं. शंकरराव हळूच आपल्या दुकानाकडे सरकत होते.

“थांबा, शंकरराव. पयलं दुकान तुमचंच आहे.”