सारस लाडीचा बाप

आमच्या प्राणिसंग्रहालयात येणारी माणसं तिकीट काढायच्या आधी एकच प्रश्न विचारतात: वाघ आहे का? धर्माबादकडचे तेलुगूत विचारतात, बिलोलीकडचे मराठीत विचारतात, पण नाही म्हटलं की तोंड सगळ्यांचं सारखंच पडतं. मी तिकीट खिडकीवर बसते. सुरुवातीला मी समजावून सांगायचे, की बाबांनो, तरस आहेत, मगरी आहेत, चितळं आहेत, आणि सारस आहे, अख्खा मराठवाडा पालथा घातला तरी रानात दिसणार नाही असा पक्षी. त्यावर एकानं विचारलं होतं, म्हणजे बगळाच की? तेव्हापासून मी समजावणं सोडलं.

पण त्या सारसाची, म्हणजे आमच्या लाडीची, आणि तिला वाढवणाऱ्या ग्यानोबाची हकिगत मी सांगणार आहे. ऐकणाऱ्याला वाघच हवा असेल तर त्यानं खुशाल दुसरीकडे जावं. लाडीचं तळं माझ्या खिडकीच्या बरोबर समोर आहे, त्यामुळे बहुतेक सगळं मी डोळ्यांनी पाहिलेलं आहे.

ग्यानोबा आमच्याकडे जनावरांना खाऊ-पिऊ घालायचं काम करतो. उंच, काटकुळा माणूस; बोलणं कमी आणि खोकणं जास्त. काही वर्षांमागे वनखात्यानं धर्माबादजवळ चोरून पक्षी नेणारा एक टेम्पो पकडला. पोपटांच्या पिंजऱ्यांमागे एका टोपलीत मुठीएवढं तांबूस पिल्लू निघालं. अर्धमेलं होतं. ते सारसाचं आहे हे कळायलाच वेळ लागला, आणि कळल्यावरही ते जगेल असं कोणाला वाटेना. ग्यानोबानं काही न बोलता ते सदऱ्याच्या आत घातलं आणि घरी नेलं. उकडलेलं अंडं कुस्करून भरवलं, बांधावरचे नाकतोडे पकडून भरवले. पिल्लू जगलं, आणि त्याच्या पायात पायात फिरायला लागलं. तो चारा टाकायला निघाला की हे मागे, चहाला निघाला की हे मागे. त्यानं नाव ठेवलं लाडी. त्याला दोन मुलगे आहेत, दोघंही पुण्यात कामाला. मुलगी नाही.

त्याची बायको केवळाबाई जिभेची तिखट. तिनं लाडीचं नाव सवत ठेवलं. माझ्यापुढं तोंडाला कुलूप लावतो आणि सवतीपुढं तासभर गप्पा हाणतो, असं ती मला येऊन सांगायची. खोटं नव्हतं ते. लाडी मोठी झाल्यावर तिला तळ्यावर आणली, तरी ग्यानोबा दुपारची भाकरी तिच्या कुंपणात बसूनच खायचा. एक तुकडा त्याचा, एक तिचा. तोवर ती त्याच्या खांद्याला लागली होती. राखी अंग, लालभडक डोकं, आणि चाल अशी ऐटदार की पाटलीणबाईनं बघून शिकावी. आम्ही सगळे त्या दोघांना चिडवायचो, आणि ग्यानोबा मिशीत हसायचा.

पुढं लाडी वयात आली, आणि ते हसण्यावारी नेण्यासारखं राहिलं नाही. पावसाळा आला की ती ग्यानोबासमोर नाचायची. पंख पसरायची, मान लववायची, उडी घ्यायची, गवताची काडी उचलून वर फेकायची. बघायला गर्दी जमायची, लोक फोन काढून उभे राहायचे. मग ती एकेक काडी आणून त्याच्या पायाशी ठेवायची. तिला घरटं बांधायचं होतं, आणि तेही ग्यानोबासोबत. तिनं अंडी घातली, आणि ऊन नाही की पाऊस नाही, त्यांच्यावर बसून राहिली. अंडी फोल निघाली. फोलच निघणार. पुढच्या वर्षी पुन्हा तेच. बसून बसून ती पार वाळली आणि शेवटी अंडी तिच्याखालून काढून घ्यावी लागली. काढायला ग्यानोबालाच सांगितलं, कारण दुसऱ्या कोणाला ती जवळ येऊ देत नव्हती. ते काम करून तो घरी गेला आणि तापानं पडला.

आमच्या डॉक्टर लुंबिनी लातूरच्या. वयानं लहान, पण एखाद्या गोष्टीच्या मागे लागल्या की सोडत नाहीत. त्यांनी लांबच्या एका प्राणिसंग्रहालयाकडून सारसाचा नर मिळवला, बदल्यात आमची चितळं दिली. पाहुणा आला तेव्हा पिंजरा गाडीतून ग्यानोबानंच उतरवून घेतला. नर उमदा होता, लाडीपेक्षा थोडा उंच. आमच्या लोकांनी लगेच त्याला जावई म्हणायला सुरुवात केली. सारसाची जोडी एकदा जमली की जन्मभर सुटत नाही, असं ग्यानोबा येईल त्याला थांबवून सांगायला लागला. वाघ विचारणाऱ्यांनाही सांगायचा.

जावयाला आधी जाळीपलीकडे ठेवलं. लाडीनं ढुंकून पाहिलं नाही. जाळी काढली तर तिनं त्याला टोचून टोचून कोपऱ्यात दाबला. आणि ग्यानोबा नुसता लांबून दिसायचा अवकाश, सगळं सोडून ती त्याच्याकडे धावायची आणि नाच सुरू.

डॉक्टरांनी ग्यानोबाला माझ्या खिडकीजवळच्या बाकावर बसवून नीट सांगितलं. लाडी माणसाच्या हातावर वाढली, त्यामुळे तिला जोडीदार म्हणजे ग्यानोबाच वाटतो. तो समोर आहे तोवर तिला जावई दिसणारच नाही. यंदा जमलं नाही तर जावई परत जाईल, कारण असा नर कोणाकडेही जास्तीचा नसतो. ग्यानोबा म्हणाला, नसंल जमत तर राहू द्या, मी हाय की तिला. तेव्हा डॉक्टर हळूच बोलल्या.

"काका, सारस तीस-चाळीस वर्षं जगतो. तुमच्या माघारी ती कोणासमोर नाचणार?"

दुसऱ्या दिवसापासून ग्यानोबानं तरसांकडचं काम मागून घेतलं, आवाराच्या पार टोकाला.

सारसाची हाक फार लांब जाते. लाडी हाक मारायची आणि मान वर करून वाट बघायची. मग पुन्हा हाक. मला खिडकीत बसून ते ऐकवत नव्हतं, तर पलीकडे त्या माणसाचं काय होत असेल? तिनं खाणं कमी केलं. पण डॉक्टर म्हणाल्या, धीर धरा. आणि खरंच, हळूहळू तिचं टोचणं थांबलं. मार खाऊन शहाणा झालेला जावई अंतर राखून उभा राहायचा. एके दिवशी ती त्याच्या शेजारी उभी राहून पाणी प्यायली. आम्ही सगळे लग्न ठरल्यासारखे खुश झालो.

नेमकं तेव्हाच ग्यानोबानं घोळ घातला. डॉक्टर नांदेडला गेल्या होत्या. दुपारी तो भाकरीचं गाठोडं घेऊन तळ्याकडे निघालेला दिसला. मी खिडकीतून हाक मारून अडवलं, तर म्हणाला, "ताई, पोरगी खाईना गेली म्हणं. लेक सासरी नांदत नसली तर बापालाच जावं लागतंय. चार शब्द सांगून येतो." मी बाहेर येईपर्यंत तो आत शिरला होता. कुंपणात बसून त्यानं भाकरी सोडली आणि लाडीला समजावायला लागला, की माय, मानूस बरा हाय, गरीब सभावाचा हाय, तू नीट ऱ्हा. एखाद्या रुसलेल्या पोरीची काढावी तशी समजूत काढत होता. लाडीनं ते सगळं मान लववून ऐकून घेतलं आणि पंख पसरून नाचायला लागली. जावई जवळ आला तशी उलटून त्याच्या डोक्यावर अशी चोच हाणली की रक्ताची धार लागली. ग्यानोबा दोघांच्या मध्ये हात पसरून उभा राहिला, आणि त्यामुळे तर ती जास्तच चवताळली.

डॉक्टर आल्या, जावयाची जखम शिवली. ग्यानोबाला त्या एक शब्द बोलल्या नाहीत. बोलल्या असत्या तर बरं झालं असतं. तो त्या बाकावर डोकं धरून बसला, तो उठेचना. शेवटी मी केवळाबाईला निरोप धाडला. मला वाटलं, ही आता सवतीवरून चार शब्द सुनावणार. ती आली आणि त्याच्या शेजारी बसली.

"तुमी तिला लेक म्हणता का न्हाई?" तिनं विचारलं. "मग लेकीला लेकरू होईस्तोवर बाप तिच्या घरचं पाणी बी पीत न्हाई. तुमी तर भाकर सोडून पंगतीला बसून राहिलाव."

ग्यानोबानं वर पाहिलं.

"माझा बाप माहूरला जाता-येता आपल्या गावावरून जायचा," ती म्हणाली. "आपला थोरला, भागवत, व्हायच्या आदी कदी आत आला न्हाई. वेशीतल्या लिंबाखाली बसायचा, शेजारणीला इचारायचा, पोरगी बरी हाय का, अन् चालू लागायचा. मी भिंतीआडून बघायची. लई राग यायचा मला त्येचा. पर तो आत आला असता तर मी त्येच्या संगट निघून गेले असते. तुमच्या घरची कदी झालेच नसते."

आमच्या घरात असल्या रीती पाळत नाहीत. आणि मुलीला मूल होईपर्यंत तिच्या घरचं पाणी वर्ज्य करणारी ही रीत मला कधीच पटलेली नाही. पण डॉक्टरांनी इतकं समजावून जे त्याच्या गळी उतरलं नव्हतं, ते केवळाबाईच्या त्या बोलण्यानं उतरलं. डॉक्टरांनी तिकडच्या लोकांची मनधरणी करून जावयाला आणखी एक वर्ष ठेवून घेतलं, आणि ग्यानोबानं ते वर्ष व्रत पाळावं तसं पाळलं. तो मागच्या फाटकानं नाल्याकडून यायचा-जायचा. वारा तळ्याच्या दिशेला असला की खोकल्याची उबळ तोंडावर दस्ती दाबून जिरवायचा. रस्त्यापलीकडच्या टपरीवर मी चहाला गेले की भेटायचा आणि विचारायचा, पोरगी बरी हाय का? मी म्हणायचे, बरी आहे. एवढं ऐकून जायचा. हिवाळ्यापर्यंत लाडीनं हाका मारणं बंद केलं. ते मी त्याला सांगितलं नाही. कान त्यालाही होते.

थंडीतल्या एका सकाळी तळ्याकडून आवाज उठला. आधी जावयाची एक लांब हाक, आणि ती संपते न संपते तोच लाडीच्या दोन आखूड हाका. पुन्हा त्याची, पुन्हा तिची, दोघांच्या माना आभाळाकडे. जोडी जमलेले सारस असं एकत्र ओरडतात, हे डॉक्टरांनी मला सांगून ठेवलेलं होतं. मी खिडकी तशीच टाकून तरसांकडे पळत गेले. ग्यानोबा हातात बादली घेऊन वाटेतच उभा होता.

"दोघांचा आवाज हाय न्हवं, ताई?"

मी हो म्हटलं. त्यानं बादली खाली ठेवली, तिच्याशेजारी मातीत बसला आणि लहान पोरासारखा रडला. आनंदानं रडला की दुःखानं, हे विचारण्याइतकी मी मूर्ख नाही. दोन्ही होतं.

पुढच्या पावसाळ्यात दोघांनी मिळून घरटं बांधलं. लाडी उठली की जावई बसायचा, जावई उठला की लाडी. एक अंडं वाया गेलं, दुसऱ्यातून पिल्लू निघालं. पेपरात बातमी आली, साहेबलोक येऊन फोटो काढून गेले. गर्दी ओसरल्यावर डॉक्टरांनी स्वतः जाऊन ग्यानोबाला सांगितलं, काका, आता या.

तो केवळाबाईला घेऊन आला. ठेवणीतला सदरा घातला होता, दाढी केली होती. मी आणि डॉक्टर बाजूला उभ्या राहिलो. लाडी उथळ पाण्यात होती, तांबूस पिल्लू तिच्या पायापाशी. ग्यानोबा कुंपणाला लागून उभा राहिला आणि पूर्वीसारखीच बारीक हाक मारली, लाडे. तिनं मान उचलली आणि पंख पसरले. मला वाटलं, आता नाचते की काय. पण ती नाचली नाही. पंख पसरलेलेच ठेवून सरळ धावत आली आणि त्याच्या छातीच्या उंचीवर कुंपणाच्या जाळीला चोच हाणली. तो दचकून मागे झाला. तिनं पुन्हा हाणली, पुन्हा हाणली. मागे जावयानं पिल्लाला पंखाआड घेतलं होतं.

डॉक्टरांचा चेहरा उतरला. त्यांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला, ओळखलं नाही हो काका तिनं, म्हणाल्या. ग्यानोबाच्या डोळ्यांतून पाणी गळत होतं आणि तो हसत होता.

"बरं झालं की, म्याडम," तो म्हणाला. "आता मी मेलो तरी तिचं काय बी अडत न्हाई."

पोराला नोकरी लागली हे सांगताना माणसाचा आवाज जसा होतो, तसा त्याचा झाला होता. लाडी अजून जाळीशी उभी राहून फुत्कारत होती. तिचं पिल्लू भेदरेल म्हणून तो आणखी मागे सरला, केवळाबाईलाही हात धरून मागे घेतलं, आणि दोघं तिथूनच बघत राहिली.