पत्रकाखालची ओळ

पत्रक हातात आलं की तुम्ही त्याची शेवटची ओळ वाचता का? सगळ्यात खालची, बारीक टाइपातली — मुद्रक अमुक, प्रकाशक तमुक? नाही ना वाचत? मीही वाचत नसे. पण आज जे सांगायचं आहे ते त्या ओळीतच आहे, आणि ते मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. सुमनताईलाही नाही.

सुमनताई माझ्या गावची, उंब्रजजवळची. नात्याची नव्हे — ती बौद्ध वस्तीतली, मी पाटील आळीतला. शाळेत माझ्या चार वर्षं पुढे. नर्सिंग शिकून सांगलीच्या एका दवाखान्यात लागली. दुष्काळात गावात टँकर यायचा, तेव्हा तिच्या आईची घागर सगळ्यांत शेवटी भरली जायची — ती रांगेत पहिली उभी असली तरी. त्यावर मी पत्रक लिहिलं. ‘पाणी कुणाचं?’ पिवळा कागद, काळी शाई. माझ्या वडलांनाही त्यात सोडलं नव्हतं. टँकरपाशी रांग लावायला तेच उभे असत.

आणि खाली प्रकाशकाचं नाव? कायद्यानं लागतंच. मी बी.एड. करत होतो, सरकारी शाळेत मास्तर व्हायचं होतं. घुटमळलो. ताई म्हणाली, “माझं घाल रं. मला कोण काय करतंय?”

घातलं. इथवर तुम्ही मला समजून घ्याल कदाचित. थांबा.

दोन वर्षांनी तिनं कॅनडात कायमचं राहण्यासाठी अर्ज केला. का? “तिथं कुणी इचारत न्हाई म्हणं, कुठल्या आळीची.” एवढंच तिचं कारण. अर्ज भरायला मीच बसलो. जन्माची नोंद गावात सापडेना, म्हणून शाळेचा दाखला. तो पुरेना, म्हणून मामलेदार कचेरीत प्रतिज्ञापत्र. मग छातीचा एक्स-रे. शेवटी राहिला पोलिसांचा दाखला — ह्या बाईविरुद्ध काही नाही, असा. सांगलीवाले म्हणत, जन्म साताऱ्याचा, तिकडून आणा. सातारावाले म्हणत, नोकरी सांगलीत, तिकडनं आणा. रात्रपाळी करून ती सकाळची एस.टी. धरायची, साताऱ्यात बाकावर बसायची, दुपारी परत. शेवटी साताऱ्यानं चौकशी आपल्याकडं घेतली. तोवर दिल्लीतल्या त्या देशाच्या कचेरीचं पत्र आलं होतं : महिनाअखेर दाखला पोचला नाही तर अर्ज बंद.

अर्जात ओळखीचा माणूस म्हणून माझं नाव होतं. म्हणून ठाण्यातले जमादार माझ्या खोलीवर आले. साताऱ्यात, भर दुपारी. टेबलावर पुढच्या पत्रकाचा मजकूर पडला होता. मी त्यावर वर्तमानपत्र सरकवलं. त्यांनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली, फाइल उघडली — आत तो पिवळा कागद, टाचणीनं लावलेला.

“आवं मास्तर,” ते म्हणाले. मी अजून मास्तर झालो नव्हतो. “बाईंचं काम करायचं हाय. फकस्त येवढं सांगा, ह्यो कागद लिवला कुणी? बाई नुसत्या नावाला असतील तर तसं लिवतो. इषय मिटला.”

ऐकलंत? दार उघडं होतं. ‘मी लिहिलं’ — दोनच शब्द म्हणायचे होते. पण माझ्या नेमणुकीची चौकशीही ह्याच ठाण्यातून व्हायची होती. मी म्हणालो, “ज्यांचं नाव आहे, त्यांचंच असणार.”

जमादार हसले. “लय गरम लिवलंय हो. बाईमाणसाला सुचतंय व्हय असलं?”

आणि मग मी जे बोललो — त्यासाठी हे सगळं लिहितो आहे. मी ताठ झालो. म्हणालो, “का नाही सुचणार? बाईला डोकं नसतं असं वाटतं का तुम्हाला?”

बघा. भित्रेपणा मी करत होतो, आणि शब्द माझ्या पत्रकांतले होते. ज्या तत्त्वावर मी मित्रांच्या बैठका गाजवल्या, तेच पुढं धरून मी मागं लपलो. जमादार ओशाळले. “तसं न्हवं…” म्हणत त्यांनी खाली बघून लिहून घेतलं.

दाखला मिळाला नाही. अर्ज बंद झाला.

ताई तो नकाराचा कागद घेऊन आली. पाणीसुद्धा प्यायली नाही. “लिखाण बाईंचंच, असं लिवलंय. कुणी सांगितलं असंल रं?”

मी म्हणालो, “बसल्या जागी लिहितात हे लोक.”

“मला ठाण्यात तीनदा इचारलं त्यांनी,” ती म्हणाली. “मी तुझं नाव घेतलं न्हाई. तुझी ऑर्डर निघायची हाय न्हवं?”

तेव्हा तरी सांगायचं? नाही सांगितलं. उलट महिन्याभरात मी नवं पत्रक काढलं — एका नर्सला दाखला नाकारणाऱ्या सरकारी कारभारावर, खाली पुन्हा दुसऱ्याच कुणाचं तरी नाव. लिहिणारा कोण हे ठाऊक असलेल्यांनी पाठ थोपटली. ती मी थोपटू दिली. ऑर्डरही निघाली.

ताई अजून सांगलीतच आहे, त्याच दवाखान्यात. मी शाळेत मुलांना खरं बोला म्हणून शिकवतो. हा मजकूर छापखान्यात जाण्याआधी तिच्या हातात जाईल, माझ्याच हातानं. ती काय म्हणेल ते इथं लिहिणार नाही. ते तिचं आहे.

तुम्हाला एकच काम सांगतो. ‘पाणी कुणाचं?’ हे पिवळं पत्रक तुमच्या ट्रंकेच्या तळाशी, एखाद्या वहीच्या कव्हराखाली अजून असेल, तर काढा. शेवटची ओळ वाचा. तिथलं तिचं नाव शाईनं खोडा, आणि ह्या मजकुराखाली जे नाव छापलं आहे ते तिथं लिहा.